समासाची कातरण

७ जानेवारी

राजीनामा दिला. टाइल्सच्या कंपनीत सत्तावीस वर्षं. पहिली दहा गुणवत्ता विभागात, गुण्या लावून फरशीचे कोपरे तपासण्यात. शेवटची सात संचालकाच्या खुर्चीत. पाठीमागे सगळे मला 'काटकोन' म्हणतात हे मला माहीत आहे. म्हणोत. त्यांच्यातल्या एकालाही सरळ रेघ मारता येत नाही.

अध्यक्षांनी विचारलं, "कुठली कंपनी?" मी म्हटलं, "कुठलीच नाही. मनःशांती." मी त्यांच्या टेबलावर काहीतरी सांडलंय अशा नजरेने ते बघत राहिले.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती इस्त्री करत होती. एक शब्द बोलली नाही. चोवीस वर्षांच्या संसारात एवढी मोठी गोष्ट मी पहिल्यांदाच सांगत होतो आणि बाईसाहेब कॉलरचं टोक दाबत होत्या. ती कोर्टात लघुलेखिका आहे. दिवसभर परक्यांचं बोलणं शब्दन् शब्द उतरवून घेते आणि घरी आली की तोंडाला कुलूप.

ही डायरी कंपनीने दिलेली, सोनेरी कडांची. प्रत्येक पानावर पट्टीने समास आखून घेतला आहे. पुढेमागे याचं पुस्तक होईल. समासात काहीही लिहायचं नाही, स्वच्छ ठेवायचा.

१२ जानेवारी

ऑफिसला जाताना नऊ वर्षं एका सिग्नलवर गाडी थांबायची. डाव्या हाताला पुस्तकबांधणीचं दुकान. आत एक म्हातारी बाई मेणावरून दोरा ओढत बसलेली दिसायची. तेवढ्या दीड मिनिटात मला रोज वाटायचं, हिच्याकडे काहीतरी आहे जे माझ्याकडे नाही. आज आत गेलो.

तिच्याकडे आहे तो नाकावरचा राग.

"काय बांधायचंय?" वर न बघता विचारलं.

"काही नाही. मला शिकायचंय. पगार नको."

"फुकटचा माणूस परवडत नाही मला. त्याच्यावर ओरडता येत नाही."

"ओरडा की."

तेव्हा त्यांनी वर बघितलं. आधी माझ्या बुटांकडे, मग माझ्याकडे. "ते काढा बाहेर. खाली कागद असतात."

१६ जानेवारी

चार दिवस फक्त खळ ढवळतो आहे. पिठात पाणी, मंद आच, एकाच दिशेने हात. गुठळी दिसली की बाई पातेलं उपडं करतात आणि पुन्हा पहिल्यापासून. आज मी भिंतीवर कामांचा तक्ता लावायचं सुचवलं. कुठलं पुस्तक कधी आलं, कधी द्यायचं, कोणी करायचं.

"लावा," बाई म्हणाल्या. "आणि खळ त्याच्याकडूनच ढवळून घ्या."

शांती म्हणून जे काय असतं ते या दुकानात अजून दिसलेलं नाही. रेडिओ दिवसभर ठणाणा करत असतो, बाई बातम्यांना शिव्या देतात, मध्येच दोऱ्याला देतात, गिऱ्हाइकाची पाठ वळली की त्यालाही. दाभण माझ्या अंगठ्यात घुसलं तेव्हा पहिली चौकशी केली ती पानांवर रक्त सांडलं का याची. एकूण बाई आडमुठी आहे. पण ती माझ्या मार्गातली पायरी आहे असं मी मनाशी ठरवलं आहे आणि पायरीवर रागवायचं नसतं.

रागवलो. घरी येऊन दार आपटलं.

२४ जानेवारी

मुलीचा फोन. ती दुसऱ्या शहरात नोकरी करते. म्हणाली, "बाबा, नोकरी सोडायच्या आधी आईला विचारलं होतंस?" मी म्हटलं, "सांगितलं होतं." ती म्हणाली, "मी ते नाही विचारलं." आजकालच्या पोरांना उलटतपासणी बरी जमते. आईच्या कोर्टाचा वारा लागला आहे.

घरात मात्र कमालीचा फरक पडला आहे. पूर्वी बायको मला सोलून काढायची. ओला टॉवेल, उघडं कपाट, कशावरूनही. आता भांडण नाही, टोमणा नाही. मी काहीही म्हटलं की "ठीक आहे." एवढंच काय, हल्ली ती मला 'तुम्ही' म्हणायला लागली आहे. लग्नाआधीपासून 'अरे-तुरे' करणारी बाई! आदर वाढला असावा. माणूस आतून बदलला की घरच्यांना ते आपोआप जाणवतं.

२ फेब्रुवारी

आज एक म्हातारे गृहस्थ आले. पूर्वी चष्म्याचं दुकान चालवायचे. बाई त्यांना चष्मेवाले म्हणतात. आता त्यांनाच नीट दिसत नाही. पिशवीतून एक जाडजूड पुस्तक काढलं. बागकामाचं. कणा उसवलेला, पानं निसटलेली आणि प्रत्येक समासात पेन्सिलीने गिचमीड लिहिलेलं, अगदी कडेपर्यंत.

"सांभाळून हं," ते बाईंना म्हणाले. "यात आमची बायको आहे."

पुस्तकात म्हणे बायको! दोन वर्षांपूर्वी गेल्या त्या. म्हातारपणी माणसं हळवी होतात ते समजू शकतो, पण गिऱ्हाईक म्हणून आल्यावर काम काय आहे ते सांगावं.

बाई उद्यापासून चार दिवस बहिणीकडे जाणार आहेत. मला सांगून ठेवलं, "पानांचे गठ्ठे, फर्मे, शिवा. कण्याला सरस लावा. वजन ठेवा. पुढचं मी आल्यावर." माझ्यावर सोपवलेलं हे पहिलं पुस्तक. आनंद झाला, लपवत नाही.

६ फेब्रुवारी

शिलाई उत्तम. सरस उत्तम. पण वजन काढून बघतो तर कडा! जुनी पानं, कुणी आत, कुणी बाहेर, कोपरे दुमडलेले, करवतीसारखी धार. तासभर बघत बसलो. मला सहनच होईना. सत्तावीस वर्षं मी असला माल मागे पाठवत आलो आहे.

शेवटी कटिंग मशीनखाली धरलं आणि तिन्ही बाजूंची बोटभर कड उडवली. गुण्या लावून पाहिला. केसाचा फरक नाही. सबंध दुकानात एवढी सरळ गोष्ट दुसरी नाही. बाई येऊन बघतील तेव्हा त्यांचं तोंड कसं होतं ते मला पाहायचं आहे.

बायको मुलीच्या रिकाम्या खोलीत झोपायला लागली. माझ्या घोरण्याचा त्रास होत असणार. तक्रार न करता मार्ग काढला, हे मला आवडलं.

८ फेब्रुवारी

पाहिलं तोंड.

बाईंनी पुस्तक हातात घेतलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि रेडिओ बंद केला. रेडिओ बंद झालेला मी पहिल्यांदाच ऐकला.

"समासात लिहिलेलं होतं. दिसलं नाही?"

"दिसलं की. पेन्सिलीचं होतं. छापलेलं सगळं शाबूत आहे."

त्या बसल्या. मला वाटलं चक्कर आली. मग एवढ्या हळू आवाजात बोलल्या की मला पुढे वाकावं लागलं. "साहेब, छापलेलं बाजारात मिळतं."

मी म्हटलं, माझा हेतू चांगला होता. त्यावर जे ऐकलं ते इथे लिहीत नाही. सारांश, माझ्या हेतूची खळ करून ती कुठे लावायची हे त्यांनी सविस्तर सांगितलं.

नशीब, रद्दीचं पोतं अजून गेलं नव्हतं. दोघांनी जमिनीवर बसून कातरण निवडली. बोटभर रुंदीच्या पट्ट्या, शंभराच्या वर. प्रत्येक ओळ अर्धी पानावर, अर्धी पट्टीवर. आता एकेक पट्टी आपापल्या पानाला पातळ कागदाने जोडायची. मीच.

"वाचायचं नाही," बाईंनी बजावलं. "रेघेला रेघ जुळवायची. वाचायला लागलं की हात भरकटतो."

मला त्या क्षणी त्या बाईचा जो संताप आला तो कुठल्याही अध्यक्षाचा आला नव्हता. उठून जावं असं वाटलं. पण कुठे? परत कंपनीत तोंड दाखवायची सोय ठेवलेली नाही.

१९ फेब्रुवारी

दिवसाला आठ पट्ट्या. मान मोडते. न वाचता जुळवायचं म्हणे! डोळे आहेत ते वाचणारच.

आधी वाटलं बागेच्या नोंदी असतील. आहेतही. 'लिंबाला कळी.' 'माती बदलली.' पण मध्येच: 'कलम जगलं. नाव याचं, मेहनत माझी.' आणि: 'दिवसभर अबोला. याच्यापेक्षा कुंडी बरी, पाणी घातलं की आवाज तरी करते.'

बापरे. काय तोंडाळ बाई होती. चष्मेवाल्यांची मला दया आली. बिचारे हे पुस्तक उराशी धरून फिरतात आणि आत काय आहे त्याचा पत्ता नाही. डोळेच नाहीत तर वाचणार कसे?

२५ फेब्रुवारी

आणखी सापडली. 'मूर्ख माणूस, हिवाळ्यात छाटतात का?' त्यातला 'मूर्ख' दोनदा गिरवलेला. आणि तणांच्या प्रकरणात: 'बावीस वर्षं झाली. तण कुठलं, रोप कुठलं अजून कळत नाही. माझ्याही बाबतीत तेच.'

बाईंना सांगायला गेलो. "हे असं जोडून द्यायचं? म्हाताऱ्याला कुणी वाचून दाखवलं तर काय होईल?"

"आपण बांधतो," बाई म्हणाल्या. "तुम्हाला वाचनालय काढायचं असेल तर समोर गाळा रिकामा आहे."

हृदय नाही त्या बाईला. मी मात्र इथे माणसांच्या उपयोगी पडायला आलो आहे, नुसता दोरा ओढायला नाही.

घरी आल्यावर बायकोने माळ्यावरून मोठी बॅग काढायला सांगितली. साफ करायची होती. मूठ तुटलेली दिसली. मी लगेच मेणाचा दोरा आणला आणि दुहेरी टाक्याने अशी शिवली की दहा वर्षं हलणार नाही. तिने हात फिरवून पाहिला. "चांगली झालीय," म्हणाली. कितीतरी दिवसांनी माझ्या कामाचं कौतुक झालं.

४ मार्च

निर्णय घेतला आणि अमलात आणला. सात जागा. ज्यांच्या पाठीमागे काही लिहिलेलं नाही अशाच पट्ट्या, हे तपासूनच. खळीच्या शेगडीत टाकल्या. पानांवर उरलेल्या अर्ध्या ओळी मऊ रबराने पुसल्या, कागदाचा धागाही न उचलता. तिथे कोऱ्या पट्ट्या जोडल्या. हात आता बसला आहे. बाईंना काही कळलं नाही.

दोन महिन्यांत पहिल्यांदा आत काहीतरी शांत झालं. एका म्हाताऱ्या माणसाला त्याची बायको मी स्वच्छ करून परत देणार आहे.

११ मार्च

जसं झालं तसं लिहितो.

चष्मेवाले आले. बाईंनी पुस्तक पुढे केलं. त्यांनी ते उघडलं नाही. मिटल्या पुस्तकाच्या कडेवरून बोट चालवत गेले, एका ठिकाणी थांबले आणि तिथेच उघडलं. गुलाबाची छाटणी. पान डोळ्यांना लावलं. मग अंगठ्याने समास चाचपला.

"इथे होतं."

"काय होतं?" बाईंनी विचारलं.

"मूर्ख माणूस, हिवाळ्यात छाटतात का. मूर्ख दोनदा गिरवलंय तिनं. शिसं मोडलं होतं तिचं, इतकी चिडलेली. कागदाला खड्डा पडलाय, बोटाला लागतो." अंगठा पुन्हा फिरवला. "हा काय खड्डा. शब्द कुठाय?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

मी सांगितलं. सगळं. आधी कापलं तेही, नंतर जाळलं तेही. "तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून," असंही म्हटलं.

"वाईट?" चष्मेवाले म्हणाले. आवाज एकदम चढला. "अहो, वाईट वाटून घ्यायचं ते मी तिच्यासमोर घेतलंय! रोज! तुम्ही कोण मध्ये पडणारे? सगळे मला सांगतात, फार गोड होत्या हो वहिनी. गोड! अशी गोड बाई मला माहीत नाही. माझी जी होती ती या खड्ड्यात होती." पुस्तक छातीशी धरून ते उभे राहिले. "बाकीच्या सहा कुठल्या? सांगा!"

मी सांगायला गेलो आणि मला चारच आठवल्या. उरलेल्या दोन त्यांनी सांगितल्या, डोळे मिटून, स्वल्पविरामासकट.

"नालायक," जाताना म्हणाले. "हे तरी माझ्या तोंडून ठेवून घ्या."

बाईंनी खळीची शेगडी विझवली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शेवटी म्हणाल्या, "घरी जा."

"उद्या येऊ?"

"उद्याचं उद्या. आत्ता माझ्या डोळ्यांसमोरून जा."

घरी आलो. घरात शांतता होती. गेले दोन महिने मी जिचं कौतुक या वहीत करत आलो तीच. ती मला सहन होईना. स्वयंपाकघरात जाऊन बायकोला म्हटलं, "मला काहीतरी बोल."

"काय बोलू? तुम्ही जेवलात का?"

"तसं नाही. ओला टॉवेल पलंगावर टाकलाय मी. आत्ताच टाकला."

"ठीक आहे," ती म्हणाली आणि टॉवेल उचलून वाळत घातला.

मला भीती वाटली. खरीखुरी. मुलीच्या खोलीत बॅग उघडी होती, अर्धी भरलेली.

"कुठे?"

"रविवारी. मुलीकडे."

"किती दिवस?"

"बघू."

बॅग उचलून पाहिली. मूठ भक्कम होती. मीच शिवली होती.

१३ मार्च

ही डायरी पहिल्यापासून वाचली. ७ जानेवारीपासून. बायको जिथे जिथे आहे तिथे ती गप्प आहे, नाहीतर ठीक आहे म्हणते आहे. एवढी गप्प बाई मी ओळखत नाही. ती माझी बायको नाहीच. कुणीतरी कडा कापलेल्या आहेत.

पुस्तक वगैरे होणार नाही यातून. डायरी कुलपात ठेवायचो, ती आज जेवणाच्या टेबलावर ठेवली. वर एक पेन्सिल, टोक काढून.

१४ मार्च

दुकानात गेलो. बाईंनी झाडू दिला. मशीनला हात लावायचा नाही, शेगडीपाशी जायचं नाही. रेडिओ चालू होता हे पाहून बरं वाटलं. दुपारी पिठाचा डबा पाडला, तेव्हा "आंधळे आहात का!" म्हणून ओरडल्या.

डायरीला कुणी हात लावलेला नाही. पेन्सिल तशीच आहे.

१५ मार्च

तशीच.

१६ मार्च, रविवार

सकाळी सहाला उठलो तर पेन्सिल टेबलाखाली पडलेली. टोक मोडलेलं.

समास भरले आहेत. लघुलिपी नाही, चांगलं ठसठशीत अक्षर. 'आदर वाढला असावा' इथे: 'आदर? आरशात बघ.' घोरण्यापाशी: 'घोरतोस पहिल्यापासून. कारण ते नव्हतं.' बॅगेच्या नोंदीपाशी काही नाही, नुसती एक आडवी रेघ, पान फाटेल इतकी दाबून ओढलेली. सात ठिकाणी 'मूर्ख'. ते तिने मोजून केलं की आपोआप झालं मला माहीत नाही. वाचताना माझे डोळे भरले आणि मी ते पुसले नाहीत.

आणि पहिल्याच पानावर, 'एक शब्द बोलली नाही' याच्या शेजारी: 'खोटं. मी बोलले होते. दोनदा.'

कोर्टातली बाई आहे. ती खोटं म्हणाली म्हणजे ते खोटं.

मी डोकं फुटेस्तोवर आठवून पाहिलं. इस्त्री आठवते. कॉलर आठवते. माझं स्वतःचं सगळं भाषण आठवतं, अगदी 'मनःशांती' म्हणताना मी घेतलेल्या श्वासापर्यंत. तिचं काही आठवत नाही.

ती आत्ता समोर उभी आहे, प्रवासाच्या कपड्यांना इस्त्री करते आहे. बॅग दाराशी आहे. गाडी नऊची. मी इथेच बसून लिहितो आहे आणि ती बघते आहे की मी लिहितो आहे.

आत्ता विचारलं, "त्या दिवशी काय म्हणाली होतीस?"

तिने वर पाहिलं नाही. "शोध आता कातरणीत."

"थांब म्हणाली होतीस?"

"चूक."

"मला का नाही विचारलंस, असं?"

"चूक," ती म्हणाली आणि दुसरी बाही पसरली. "पुढे."